टीबीसी म्हणून मला भलताच डबा विकला, इंदूरवाल्यांनी जरूर वाचा

आमच्याकडे आबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची व्हीएचएस कॅसेट आहे, 1993 ची, रामबागेतल्या जुन्या घरी शूटिंगवाल्याकडून काढून घेतलेली. आबांचा आवाज आता तेवढ्या एका कॅसेटमधेच उरलाय, म्हणून मागच्या दिवाळीत ठरवलं की ही कम्प्युटरवर घ्यायचीच. व्हीसीआर घरात होता, व्हीसीआरचं चित्र कम्प्युटरवर घेणारं यूएसबीचं कॅप्चर यंत्र आणलं, लावून बघितलं तर चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकलेला, मांडवाचे खांब वळवळतायत, आणि वीसेक मिनिटांनी आबांचे ओठ आणि शब्द यांची चुकामूकच व्हायला लागली.

वाचलं तेव्हा कळलं की याला टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी लागतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल सिस्टिममधे सेकंदाला 25 फ्रेम, एका फ्रेमला 625 ओळी, आणि एकेक ओळ 64 मायक्रोसेकंदांची. जुनी टेप ताणलेली असते, व्हीसीआरही थकलेला, त्यामुळे ओळी वेळेवर येतच नाहीत, टीबीसी त्या परत वेळेवर लावून देतो. जुना टीव्ही ते सांभाळून घ्यायचा, कॅप्चरवालं यंत्र नाही घेत, ते सरळ फ्रेम गाळतं आणि मग आवाज पुढेमागे होतो.

महाराणी रोडवर विचारत विचारत एका दुकानात गेले. तो म्हणाला, "मैडम यही टीबीसी है, इसी को स्टेबलाइज़र बोलते हैं, एक ही चीज़ है." आपल्याकडे फ्रिजला स्टॅबिलायझर असतोच ना, त्यामुळे मला ते पटलं पण. त्याने स्वतःच्या एका कॅसेटवर लावून दाखवलं, चित्र एकदम स्थिर. 14,500 रुपये दिले, बिल मागितलं तर कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिलं.

घरी आणून लावलं तर काहीच फरक नाही. कॅप्चर करायच्या व्हर्च्युअलडब सॉफ्टवेअरमधे गाळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, तो आधीसारखाच वाढत होता. त्याला फोन केला तर म्हणे, "आपकी कैसेट ही ख़तम है." पैशांपेक्षा हे वाक्य जास्त लागलं, कारण आम्ही ते खरं मानलं, आईने कॅसेट परत कपाटात ठेवून दिली आणि दोन महिने कोणी तिचं नावही काढलं नाही.

मग शेजारच्या काकांनी, ते पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, डबा उघडला. आत छोटीशी पट्टी आणि दोन-तीन आयसी, खऱ्या टीबीसीत फ्रेम साठवायला लागते ती मेमरी नाहीच. असला डबा काय करतो तर विकतच्या सिनेमाच्या कॅसेटवर कॉपी होऊ नये म्हणून जो मॅक्रोव्हिजनचा सिग्नल टाकलेला असतो, तो काढतो. घरच्या शूटिंगवर तो सिग्नल नसतोच! म्हणजे माझ्या कॅसेटसाठी त्या डब्याला कामच नव्हतं, आणि दुकानातल्या कॅसेटवर चित्र स्थिर दिसलं कारण ती कॅसेट मुळातच चांगली होती.

काकांनी एक परीक्षा सांगितली ती दुकानातच करा. सगळं चालू असताना व्हीसीआरकडून येणारी वायर काढायची. खरा फ्रेम टीबीसी (म्हणजे पूर्ण फ्रेम साठवून पुढे देणारा) स्वतःचा सिग्नल देत राहतो, चित्र गोठेल नाहीतर काळा किंवा निळा पडदा येईल पण तो स्थिर असेल. माझ्या डब्याची वायर काढली तर सिग्नलच गेला. आणि डेमो स्वतःच्या वाईटात वाईट कॅसेटवरच मागा, पक्कं बिल घ्या, आणि मागे पाल लिहिलंय का बघा, कारण अमेरिकेतून आलेला जुना माल बहुतेक एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही सिस्टिमचा असतो आणि आपल्या कॅसेटना तो चालत नाही.

अजून एक, वळवळणारे खांब आणि गळणाऱ्या फ्रेम ही दोन वेगळी दुखणी आहेत. खांब सरळ करायला लाइन टीबीसी लागतो, तो काही चांगल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसचाच वरचा प्रकार) व्हीसीआरमधे आतच असतो. फ्रेम टीबीसी वेगळा, बाहेरचा. माझ्या मामेभावाकडे पुण्याला पॅनासोनिकचा ईएस-10 डीव्हीडी रेकॉर्डर पडून होता, त्यात रेकॉर्ड काही करायचं नाही, व्हीसीआरचा सिग्नल नुसता त्याच्यातून पुढे कॅप्चरला न्यायचा. त्याने वाकणं जवळजवळ गेलं, रंग थोडे बदलले पण चालतील. पूर्ण तासाची कॅसेट, म्हणजे 90,000 फ्रेम, त्यात फक्त 3 गळल्या.

आईने परवा ते पूर्ण बघितलं. आबा ताटाभोवती पाणी फिरवून चित्रावती घालतात आणि मग "सगळ्यांना वाढलं का गं?" असं विचारतात, ते आता ओठांबरोबरच ऐकू येतं.