मोहरीची उशी : बाळंतविड्यातून वगळण्यासारखी

ठाण्यात गोखले रोडवर किंवा जांभळी नाक्याच्या बाजारात बाळंतविड्याचं सामान घ्यायला गेलं, की झबली-टोपड्यांबरोबर मोहरीची उशी पुढे येतेच. 'डोकं छान गोल राहतं' हे वाक्य तिच्याबरोबर फुकट. सुती खोळीत भरलेली मोहरी, किंमत काही शे रुपये. दुसरा प्रकार फोमचा, मधोमध खड्डा असलेला. डोक्याच्या आकारासाठी दोन्ही निरुपयोगी आणि बाळाच्या झोपेत दोन्ही धोक्याच्या.

डोक्याच्या वजनाने मोहरी सरकते आणि खळगा पडतो. बाळाला ज्या बाजूला मान टाकायची सवय असते, खळगाही तिकडेच पडतो आणि डोकं पुन्हा त्यातच घरंगळतं. चपटेपणा येतो तो सतत एकाच जागी पडणाऱ्या दाबाने. उशी ती जागा बदलत नाही, उलट पक्की करते. तान्ह्याचं डोकं मागून आधीच मोठं असतं. त्याखाली उशी आली की हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. तोंड खळग्यात वळलं तर नाक दाबलं जातं. अशा उशा वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) नोव्हेंबर २०२२ मध्ये बजावलं, ते गुदमरण्याच्या धोक्यामुळेच. त्यात आपला पावसाळा. मोहरी ओल धरते, कुबट होते. खोळ धुता येते, मोहरी नाही. शिवण उसवली तर दाणे थेट बाळाच्या तोंडात.

उशीचं खरं नुकसान मात्र वेगळं आहे. 'उशी लावली आहे, होईल गोल' या भरवशावर महिने जातात आणि तपासणी लांबते. दर दोन ते अडीच हजार बाळांमागे साधारण एकाच्या कवटीचा एखादा सांधा वेळेआधी जुळलेला असतो. तो उशीने, मालीशवाल्या बाईंच्या दाबण्याने किंवा डोक्याला आकार देण्यासाठी घालतात त्या हेल्मेटनेही उघडत नाही.

सवयीचा चपटेपणा आणि जुळलेला सांधा यांतला फरक घरीही बराचसा दिसतो. केस ओले करून बरोबर वरून फोटो काढा, नाक समोर आणि दोन्ही कान चौकटीत. झोपण्याच्या सवयीने चपटं झालेलं डोकं वरून तिरक्या चौकोनासारखं दिसतं: चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला, त्याच बाजूचं कपाळ थोडं पुढे आलेलं. कान मागे किंवा खाली ओढलेला असेल, सांध्यावर कडक कंगोरा लागत असेल, डोकं होडीसारखं लांबट-अरुंद किंवा कपाळ मधोमध टोकदार असेल, तर उशी-मालीश विसरून बालरोगतज्ज्ञांकडे. डोक्याचा घेर वयाच्या मानाने वाढत नसेल तरीही. तिथून पुढे मुलांच्या न्यूरोसर्जनकडे पाठवतात. परळचं वाडिया रुग्णालय लोकलच्या टप्प्यात आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया साधारण तीन-चार महिन्यांच्या आत सोपी पडते, म्हणून इथे 'थोडं थांबून बघू' परवडत नाही.

सवयीचा चपटेपणा असेल तर उपाय बिनपैशाचे आहेत. बाळ झोपवायचं उताणंच. पण छोट्या फ्लॅटमध्ये पलंग भिंतीला टेकलेला असतो आणि बाळ दिवसरात्र खोलीच्या बाजूलाच, म्हणजे आईकडे, बघत राहतं. एका रात्री डोकं पलंगाच्या एका टोकाकडे, दुसऱ्या रात्री दुसऱ्या टोकाकडे ठेवा. बाटली देत असाल तर हात बदला. जागेपणी, समोर बसून, दिवसातून दोन-तीनदा तीन ते पाच मिनिटं पालथं घाला; सात आठवड्यांपर्यंत हे दिवसाला एकूण १५ ते ३० मिनिटांवर न्या. मान एका बाजूला पूर्ण वळत नसेल तर बहुधा मानेचा स्नायू आखडलेला असतो. मग फिजिओथेरपी हवी, नाहीतर बाकी सगळं फोल.

हेल्मेटचा प्रश्न चार महिन्यांनंतर. कॅलिपरने (चिमट्यासारख्या मोजपट्टीने) डोक्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या दोन तिरप्या रेषा मोजतात. त्यांतला फरक चार-पाच मिलिमीटर असेल तर हेल्मेटचं नावही काढू नये. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत मध्यम ते तीव्र चपटेपणाची ८४ बाळं होती. दोन वर्षांची होईपर्यंत हेल्मेटवाल्यांत २६ टक्के आणि काहीच न केलेल्यांत २३ टक्के पूर्ण बरी झाली. अतितीव्र आकाराची बाळं त्या चाचणीत नव्हती. तिथे निर्णय डॉक्टरांचा. घालायचंच ठरलं तर सुरुवात चार ते सहा महिन्यांत. बाळ वर्षाचं झाल्यावर फारसा फायदा नाही. दिवसाचे २३ तास डोक्यावर, दर काही आठवड्यांनी आतला फोम तासून घ्यायचा, आणि आपल्या दमट हवेत आतली बाजू रोज पुसून कोरडी करायची. काढल्यावर तासाभरात न जाणारा लाल डाग दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता फिटिंग करणाऱ्याकडे जा. आणि ऑनलाइन मिळणारी रंगीत फोमची टोपी म्हणजे हेल्मेट नव्हे. ती रांगताना डोकं आपटू नये म्हणून असते.