‘क्रिपस्क्युलर’ ससे आणि ऑक्सफर्डचा ऑनलाइन कोश

सशांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘क्रिपस्क्युलर’ हे विशेषण आडवं आलं. फोनवरच्या एका फुकट ॲपमध्ये पाहिलं, तर अर्थ एवढाच: ‘अंधुक, धूसर’. मी ‘धूसर रंगाचे प्राणी’ लिहून पुढे गेले. संपादिकेने समासात प्रश्नचिन्ह काढलं, तेव्हा लक्षात आलं की लेखक रंगाबद्दल बोलतच नव्हता. ससे उजाडताना आणि दिवस कलताना बाहेर पडतात, हे तो सांगत होता. माझ्या वाचकापर्यंत चुकीची माहिती पोचणार होती, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी वापरते. 1989 सालची तिची दुसरी आवृत्ती 20 खंडांची होती; 2000 पासून ती ऑनलाइन आहे. तिचं खरं बळ अवतरणांत आहे. प्रत्येक अर्थाखाली सालवार वाक्यं असतात, त्यामुळे शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते दिसतं. विशेषणाला हे फार लागतं. ‘क्रिपस्क्युलर’ प्रकाशाला लागलं तर तो मंद, सांजेसारखा. प्राण्याला लागलं तर संधिकाळी वावरणारा. किरणांना लागलं तर ढगांच्या फटींतून पंख्यासारखे पसरलेले दिसणारे. (ते किरण खरं तर जवळजवळ समांतर असतात.) मूळ लॅटिन ‘क्रेपुस्कुलुम’, म्हणजे संधिप्रकाश.

मराठीत आणताना मला ‘कातरवेळ’ फार खुणावत होती. पण तिच्यात हुरहूर आहे, आणि ती फक्त संध्याकाळची, तिन्हीसांजाही तशाच. इंग्रजीत निव्वळ संध्याकाळसाठी ‘व्हेस्परटाइन’ आणि सकाळसाठी ‘मॅट्यूटिनल’ ही वेगळी विशेषणं आहेत. ‘क्रिपस्क्युलर’ दोन्ही वेळा कवेत घेतं, म्हणून ‘संधिकाळ’च बरोबर.

घाईत अर्थ बघायचा असेल तर हा कोश घेऊ नका. अर्थ कालक्रमाने लावलेले असल्यामुळे आजचा रूढ अर्थ कधी कधी बराच खाली सापडतो. पूर्ण कोशासाठी वर्गणीही लागते; मात्र बऱ्याच ग्रंथालयांच्या सभासदांना तो मोफत उघडता येतो, तेव्हा आधी तिथे विचारा. अनुवाद करणाऱ्यांना मी तो मनापासून सुचवेन.

सशांचं वाक्य शेवटी मी असं केलं: ‘ससे पहाटे आणि सांजवेळी चरायला बाहेर पडतात.’ संपादिकेने ते तसंच ठेवलं.