पंचवटीतलं फुकट आयकर रिटर्न केंद्र: आईचे ५,२५० परत आले

वडिलांच्या फंडाची साडेसात लाखांची एफडी आईच्या नावावर. बँकेनं व्याजातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला. आईला दुसरं उत्पन्नच नाही, कर शून्य. पण तो कापू नये म्हणून ज्येष्ठांनी तेव्हा १५एच फॉर्म भरायचा असे, हे काउंटरवर कुणी बोललं नाही.

पंचवटीत एका मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी कॉमर्सची मुलं आणि एक निवृत्त सीए काका फुकट रिटर्न भरून देतात. त्यातल्या एका पोरीनं २६एएस, म्हणजे कापलेल्या कराची नोंद, उघडून आकड्यावर बोट ठेवलं. आई म्हणाली, “हे माझेच ना गं?”

ओटीपीला मात्र अर्धा तास गेला. टोकन नाही, नऊलाच जा. नोटीस आली असेल तर ते हात लावत नाहीत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे धाडतात. १९८७ च्या कायद्यानं तिथे बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.