८५० चा ओबीडी स्कॅनर अन् तो लुकलुकणारा पिवळा दिवा

मागच्या महिन्यात बुटीबोरीवरून घरी येत होतो, बायको अन् पोरगी सोबत, खापरी मेट्रो स्टेशनजवळ गाडी एकदम झटके द्यायला लागली अन् मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. सात वर्षांत हा दिवा फक्त चावी फिरवली की दोन सेकंद दिसायचा, चालत्या गाडीत कधीच नाही. लय घाबरलो. साइडला घेऊन मॅन्युअल काढलं तर त्यात एकच ओळ, डीलरकडे दाखवा.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मशीन लावलं पण कोड (बिघाडाचा नंबर, जो गाडीचा कॉम्प्युटर नोंदवून ठेवतो) काय आला ते दोनदा विचारूनही सांगितलं नाही, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) क्लीनिंग, चारही प्लग, चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) असं १४ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. मनीषनगरात आमच्या शेजारचे भाऊ म्हणाले, "काहून एवढे पैसे घालवून राह्यला, आधी स्कॅनर लावून पाय ना."

तर हा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड मोबाइलवर दाखवणारं यंत्र. ईएलएम३२७ चिपवाला, ब्लूटूथ, ऑनलाइन ८५० ला पडला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतं त्यात खोचायचा, चावी ऑन करायची अन् मोबाइलमध्ये टॉर्क अ‍ॅप. आधी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून पेअर करा (पिन १२३४), मग अ‍ॅपमध्ये जाऊन निवडा, मी उलटं करत बसलो अन् अर्धा तास गेला.

कोड आला पी०३०२. ०३०१ पासून पुढचे कोड म्हणजे मिसफायर, शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे माझा फक्त दोन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नव्हता. मग इंजिन थंड झाल्यावर १० नंबरच्या पान्यानं दोन अन् तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड क्लिअर केला, कॉलनीत चक्कर मारली, अन् आता कोड पी०३०३! कॉइलसोबत कोडही सरकला म्हणजे कॉइलच गेलेली, ०३०२ च राहिला असता तर प्लग नाहीतर इंजेक्टर पाहावा लागला असता. एक कॉइल १,९०० ला आणून बसवली, तेव्हापासून गाडी मस्त चालून राह्यली. १४ हजार कशाचे मागत होते याचा राग अजून जात नाही.

कमी काय आहे तेही सांगतो. एबीएस अन् एअरबॅगचे कोड हा वाचत नाही, त्यासाठी महागडा लागतो, म्हणून ५ पैकी ४. आयफोनला साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायवाला घ्या. कायम लावून ठेवू नका, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते. अन् दिवा विझवायला म्हणून नुसता कोड उडवू नका, बिघाड तसाच राहतो अन् त्या वेळी इंजिनचं काय चाललं होतं ती नोंदही पुसली जाते.

आणखी एक, पिवळा दिवा स्थिर असेल तर हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येतं, पण लुकलुकत असेल तर न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुराच्या पाइपमधला धूर साफ करणारा डबा) जाऊन जळतं अन् तो तापून खराब होतो, त्याचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट. मला त्या दिवशी माहीत असतं तर खापरीवरून टोइंगच बोलावली असती. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर स्कॅनर बिनर काढत बसू नका, आहे तिथंच इंजिन बंद करा.