पॉलिटीसाठी संविधानाची मूळ प्रत: काही महिने वापरल्यानंतर

राज्यसेवेच्या तयारीसाठी गेल्या पावसाळ्यात संविधानाची मराठी-इंग्रजी सरकारी प्रत घेतली. तेव्हापासून पॉलिटीच्या (राज्यव्यवस्था विषयाच्या) पुस्तकांत सगळ्यात जास्त हाताळली गेली ती हीच. गाईड बाजूला टाका असं मी म्हणणार नाही, पण आधी मूळ अनुच्छेद आणि मग गाईड, हा क्रम मात्र कुणालाही ठामपणे सांगेन.

खरी मजा परंतुकांत, म्हणजे अनुच्छेदाखाली जोडलेल्या ‘परंतु...’ने सुरू होणाऱ्या अटींत आहे. नोट्समध्ये एकच ओळ असते: मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांपर्यंत. मूळ १६४(१क) उघडला की खाली परंतुक दिसतं, मुख्यमंत्र्यांसह ही संख्या १२ पेक्षा कमी नसावी. महाराष्ट्रात २८८ जागांवर ४३ मंत्री होतात. गोव्यात ४० चे १५ टक्के म्हणजे जेमतेम सहा, तरी तिथे १२ मंत्री चालतात ते या परंतुकामुळे. एवढी आकडेमोड स्वतः केली की २००३ ची ९१ वी घटनादुरुस्ती वेगळी घोकावी लागत नाही.

त्याच अनुच्छेदातला चौथा खंड, म्हणजे सभागृहाचा सदस्य नसलेल्याला सहा महिनेच मंत्री राहता येतं हा नियम, तर आपल्या डोळ्यांसमोर घडलाय. २८ नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते. सहा महिन्यांची मुदत मे २०२० मध्ये संपत होती आणि कोरोनामुळे निवडणुका लांबलेल्या. मंत्रिमंडळाने राज्यपालनियुक्त जागेसाठी शिफारस केली, ती जागा १७१(५) मधली. शेवटी निवडणूक लागली आणि ते आमदारांनी निवडायच्या जागेवरून विधान परिषदेवर बिनविरोध गेले. हा प्रसंग समोर ठेवून १६४ आणि १७१ वाचा, विधान परिषदेची अख्खी रचना डोक्यात बसते. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून अशा उदाहरणाला उत्तरात वजन येतं.

उणिवा आहेतच. मराठी वाक्यं लांबलचक आहेत, अडलं की शेजारचा इंग्रजी रकाना बघावा लागतो. माझ्या प्रतीत महिला आरक्षणाची १०६ वी दुरुस्ती (२०२३) नाही, ती चिठ्ठी चिकटवून घेतली. घेताना आवृत्तीचं साल बघाच. विधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची इंग्रजी पीडीएफ मोफत आहे, ताळा करायला ती बरी. सार्वभौमत्व, अधिसत्ता यांसारख्या संकल्पना इथे समजणार नाहीत, त्याला राज्यशास्त्राचं पुस्तकच हवं. पंचायत राजचंही तसंच: २४३घ महिलांना किमान एक तृतीयांश जागा देतो, आपल्याकडचे ५० टक्के राज्याच्या कायद्यात सापडतात.

नवीन घेणाऱ्यांनी पहिल्या पानापासून ३९५ पर्यंत जायच्या भानगडीत पडू नये. भाग ३ (मूलभूत हक्क) नीट करा, मग भाग ५ (केंद्र) आणि ६ (राज्यं) जोडीने, केंद्राच्या अनुच्छेदासोबत राज्याचा तसाच अनुच्छेद: ७४ सोबत १६३, ७५ सोबत १६४, ११० सोबत १९९, १२३ सोबत २१३. १०८ वाचताना १९७ उघडा ठेवा. संसदेत संयुक्त बैठक आहे, राज्यात ती नाही, तिथे विधान परिषद साधं विधेयक आधी तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना, एवढंच लांबवू शकते.