स्पिती की मनाली–लेह?

भाच्याची सायकल तयार आहे, पंधरा दिवसांची रजा आहे, रस्ता मात्र ठरत नाही: हिमाचलातलं स्पिती खोरं, की मनालीहून लेह.

आधी उंचीचं बघू, कारण सगळं तिथेच अडतं. शिमला-किन्नौरमार्गे स्पितीत शिरलं की चढ हळूहळू वाढतो. नाको, ताबो, काझा असे मुक्काम करत शरीर रुळतं. मनाली–लेहवर बारालाचा ला ही खिंड (सुमारे ४,८९० मीटर) ओलांडून सरचूला पोचलास आणि रात्री डोकं ठणकायला लागलं, तर पुढेही खिंड, मागेही खिंड. खाली उतरणार कुठे?

पाणी: स्पितीत गावं लागत राहतात. लेहच्या वाटेवरच्या मोरे मैदानात चाळीसेक किलोमीटर ना झाड, ना सावली, आणि दुपारनंतर वारा सुटतो. चार-पाच लिटर जवळ हवंच.

रस्ता: इथे लेहची बाजू उजवी. स्पितीहून मनालीकडे निघालं, की कुंझुम खिंडीपलीकडे ग्रांफूपर्यंत नुसते दगडगोटे. दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात, मग बूट गळ्यात आणि सायकल खांद्यावर. पावसाळ्यात किन्नौरमध्ये दरडीही कोसळतात.

पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर जाणाऱ्याने स्पिती धरावी, काझाहून आल्या वाटेने परतलं तरी चालतं. उंची आधी सोसलेली असेल आणि एकांत हवा असेल, तर लेह.