डिजिटल वेलबीइंग : मोजमाप चोख, कडी कच्ची

गूगलने 2018 मध्ये अँड्रॉइड 9 च्या सुमारास आणलेली 'डिजिटल वेलबीइंग' ही फोनचा वापर मोजणारी आणि त्याला आवर घालणारी सोय आज बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये आयतीच मिळते. तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, तरीही ती एकदाही न उघडलेले लोकच अधिक भेटतात. फोनमुळे होणारी मनाची ओढाताण तिने कितपत थांबते, हे पाहताना माझे मत असे झाले की ज्या भागाचा सर्वाधिक गाजावाजा होतो तोच सर्वांत लेचापेचा आहे आणि कोपऱ्यात पडलेला भाग खऱ्या कामाचा आहे.

गाजावाजा होतो तो अ‍ॅप टायमरचा. एखाद्या अ‍ॅपला दिवसाची मुदत ठरवून दिली की मुदत संपताच ते थांबते, त्याचे चिन्ह करडे पडते आणि मध्यरात्रीनंतर मोजणी नव्याने सुरू होते. मात्र या दाराची कडी आपल्याच बाजूला आहे. सेटिंगमध्ये शिरून टायमर वाढवायला किंवा काढून टाकायला काही क्षण पुरतात आणि पासवर्डही विचारला जात नाही. ज्या घटकेला मोह अनावर झालेला असतो, नेमक्या त्याच घटकेला फेरविचाराची मुभा देणाऱ्या व्यवस्थेला शिस्त म्हणणे कठीण आहे. आयफोनच्या 'स्क्रीन टाइम'मध्ये निदान पासकोड लावता येतो. तो घरातल्या दुसऱ्या कुणी ठरवला आणि आपल्याला सांगितला नाही, तर मर्यादेला काही अर्थ उरतो.

खरा उपयोग आहे तो डॅशबोर्डचा, म्हणजे दिवसभराच्या वापराचा हिशेब दाखवणाऱ्या पानाचा. तिथे स्क्रीनसमोरच्या वेळेऐवजी 'आलेली नोटिफिकेशन्स' हा पर्याय निवडला की दिवसभर आपल्याला कोणत्या अ‍ॅपने किती वेळा हाका मारल्या, याची उतरत्या क्रमाने यादी समोर येते. यादीच्या शिरोभागी बहुधा अशी अ‍ॅप्स निघतात, ज्यांच्याकडून काही कळावे अशी आपली अपेक्षाच नसते. अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक अ‍ॅपची नोटिफिकेशन्स प्रकारवार बंद करता येतात. म्हणजे खरेदीच्या अ‍ॅपमध्ये पार्सल पोहोचल्याची सूचना चालू ठेवून सवलतींची बडबड तेवढी थांबवता येते. काही कंपन्या दोन्ही गोष्टी मुद्दाम एकाच प्रकारात कोंबतात, असा माझा दाट संशय आहे. अशा अ‍ॅपचे तोंड सरसकट बंद करावे, पार्सल येते तेव्हा दारावरची घंटा वाजतेच. अँड्रॉइड 13 पासून नव्या अ‍ॅपला नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी मागावी लागते. तिथेच नकार देण्याची सवय लावली तर पुढची साफसफाई बरीच वाचते.

फोकस मोड ठरावीक वारी व ठरावीक वेळी निवडलेली अ‍ॅप्स थांबवतो आणि ते काम नीट करतो. बेडटाइम मोडमध्ये पडद्यावरचे रंग काढून टाकता येतात. चित्रे आणि व्हिडिओ त्यामुळे खरोखरच बेचव होतात, पण रात्री उशिरापर्यंत बातम्या वाचत बसणाऱ्याला काळ्या-पांढऱ्या अक्षरांत काय फरक पडणार?

फोनमध्ये साचलेल्या पसाऱ्याकडे मात्र ही सोय ढुंकूनही पाहत नाही. त्यासाठी गूगलचेच 'फाइल्स' हे अ‍ॅप वेगळे वापरावे लागते. ते दुहेरी आणि अवजड फाइली शोधून समोर ठेवते. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असत्या तर शिफारस करताना मी हात आखडता घेतला नसता.